शुक्रवारची दुसरी आंघोळ

शालनबाईंनी तिला आधीच बजावलं होतं. नळावर, हंडा भरता भरता, चार बायकांच्या देखत. "प्रभाबाई, लेकरू रांगाय लागलंय तुमचं. म्हाताऱ्याची ती पिशवी घरात खुंटीला लावू देऊ नगा. भाईर अडकवा म्हणावं." प्रभावतीने हसून हंडा उचलला होता. "पिशवीत काय असणार शालनबाई? डबा असतो मामांचा." "आसंल की. डबाच आसंल," असं म्हणून शालनबाई पदराला हात पुसत उगीचच नळाच्या धारेकडे बघत राहिल्या. चाळ त्यांची. पिंपळे गुरवमधल्या जुन्या घरातल्या त्या. जिथे त्यांच्या सासऱ्यांची ज्वारी उभी राहायची तिथे आता पत्र्याच्या शेड होत्या, आणि भाडं घ्यायला आल्या तरी त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत नसत. बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण प्रभावतीला त्या वाक्याच्या पोटात दुसरंच वाक्य ऐकू आलं. बारा खोल्यांच्या चाळीत याच एका खोलीत कुठली पिशवी येते, ती कुठे लावतात, हे बघायचं कारण काय? लहानपणी खडकीला आईचं बोट धरून दुकानाच्या पायरीशी उभं राहताना असली वाक्यं ओळखायला ती शिकली होती. साध्या बोलण्याच्या आत अंग चोरून बसलेली. म्हणून शालनबाईंचं बजावणं तिने तिथेच नळाच्या चिखलात टाकून दिलं. एवढी सावध बाई, पण पहारा करत बसली भलत्याच दाराशी.

पुढे पंधरा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, ती मोरीत यशूचे लंगोट धूत होती आणि यशूचा आवाज थांबला. आई झाल्यापासून तिला आवाजाचं भय वाटत नसे. आवाज थांबला की वाटे. तशीच साबणाच्या हातांनी ती बाहेर आली. खुंटीवरची खाकी पिशवी खाली पडली होती, तिचा एक बंद तुटून लोंबत होता, आणि पिशवीपुढे बसून दहा महिन्यांची यशोधरा एक काळसर दोरी मुठीत धरून हलवून बघत होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला उंदीर होता. प्रभावती ओरडली नाही. ओरडण्याआधी तिने मूठ सोडवली होती, मोरीत नेऊन साबणाने हात कोपरापर्यंत धुतले होते, तोंडात बोट घालून जीभ, हिरड्या, टाळू चाचपून पाहिला होता. यशू आता मात्र जीव खाऊन रडत होती आणि ते रडणं ऐकून प्रभावतीला बरं वाटत होतं. मग तिला कडेवर घट्ट धरून ती पिशवीजवळ उकिडवी बसली. वर्तमानपत्राच्या कागदात आणखी दोन उंदीर. सुतळीने बांधलेले. काळजीपूर्वक, बाजारातून पाला आणावा तसे. डबा वेगळा, स्वच्छ, फडक्यात.

तिने बी.एस्सी. केलं होतं, प्राणिशास्त्र घेऊन. पुण्याच्या कॉलेजात, लांब टेबलावर मेणाच्या ताटलीत उताणे टाचलेले उंदीर तिने पन्नास तरी पाहिले होते. लग्न झाल्यावर ते सगळं शिक्षण डब्यात ठेवून दिलेल्या चांदीच्या नाण्यासारखं झालं होतं. आहे, पण बाजारात चालत नाही. आता ते आपोआप बाहेर आलं. लाकडी चमच्याच्या दांड्याने तिने तिन्ही उंदीर उलटे केले. मानेवर काही नाही. कवटीच्या मागे काही नाही. रक्ताचा थेंब नाही, केस विसकटलेले नाहीत. मुंगूस उंदराला मारतं ते मानेच्या वर दात रोवून. सासरी आल्यापासून पहिलं दीड वर्ष तिने घरातल्या मुंगसाची, फौजदाराची, शिकार पाहिली होती, प्रत्येक उंदराची कवटी मागून अक्रोडासारखी फुटलेली असायची. हे तिघे नुसते मेले होते. आणि त्यांना वास होता. कुजल्याचा नव्हे. सडक्या लसणीचा, कार्बाइडच्या दिव्याचा. तो वास तिला माहीत होता. विषाचा वास. तिने उंदीर पुन्हा कागदात गुंडाळले, सुतळी होती तशी बांधली, तुटलेल्या बंदाला गाठ मारली आणि पिशवी खुंटीला लावली. असं का केलं, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. चाळीच्या मागच्या न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मामा आंघोळ करत होते. सकाळी ड्युटीवरून आल्यावर एकदा केलेली असताना, पुन्हा. शुक्रवार होता म्हणून.

तिचे सासरे, खंडूमामा, दर शुक्रवारी दुपारी दोनदा आंघोळ करतात, हे तिने केव्हाच हेरून ठेवलं होतं. अर्थ मात्र लागला नव्हता. जेवून झोपायचं सोडून "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जायचे, तासाभराने यायचे, पिशवी खुंटीला लावून तडक न्हाणीत. धुण्याच्या साबणाची वडी घेऊन. हात कोपरापर्यंत घासायचे, मग राखेने, मग पुन्हा साबणाने. तिला वाटलं होतं, म्हातारपणाचा काहीतरी चळ. मग वाटलं, कुठेतरी दारूला जात असतील आणि वास घालवत असतील. अशा कितीतरी गोष्टी तिने मनात साठवून ठेवल्या होत्या. यशूच्या दुधाच्या पावडरीचा डबा बोटभर लवकर उतरतो. मुंगसाला ती रोज अर्धंच अंडं भरवते, तरी चार आणली तर तिसऱ्या दिवशी एकच उरतं. मुंगसाच्या तोंडाला कधीकधी फेस दिसतो; ते पाण्याकडे बघून मान फिरवतं. एकदा तिने नवऱ्याला, किसनला, झोपेतून उठवून विचारलं होतं, "पिसाळत असेल का हो ते?" किसन म्हणाला होता, "अगं अकरा वर्षांचं मुंगूस आहे. म्हातारं आहे. म्हाताऱ्या माणसाची लाळ गळत नाही का?" आणि कूस बदलून घोरायला लागला होता. किसन टर्नर होता. सेकंड शिफ्ट, ओव्हरटाइम, इंचाचा हजारावा भाग अचूक पकडणारे त्याचे हात. पण घरात काय चाललंय हे त्याच्या मापात कधी सापडत नसे.

यशूला घेऊन ती चिंचवडच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, तोंडाचा वास घेतला. "तोंडात काही गेलेलं दिसत नाही. उद्या सकाळपर्यंत लक्ष ठेवा. उलटी झाली तर लगेच आणा. पण बाई, विष घरात आलं कुठून?" तिने सांगितलं, सासरे पेंडीच्या गोदामात राखणीला आहेत. डॉक्टरांनी स्टेथास्कोप गळ्यातून काढला. "पेंडीच्या गोदामात विष? ती पेंड गुरं खातात ना? मग मुलीला दूध कुठलं देता तुम्ही?" ते हसतच म्हणाले, पण प्रभावतीला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं. रस्त्यावरून दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल गेली. मग दुसरी. तिला त्या सायकली दिसत राहिल्या. भोसरी, दापोडी, काळेवाडी, प्रत्येक चाळीच्या प्रत्येक दाराशी थांबणाऱ्या, प्रत्येक दारात तिच्यासारखीच एक भांडं घेऊन उभी. गोदामात विष टाकायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता. शेंगदाण्याची, सरकीची पेंड थप्प्यांनी लागलेली. उंदीर, घुशी नुसत्या माजलेल्या. आणि औषध टाकता येत नाही म्हणूनच तर खंडूमामा आणि त्यांचं मुंगूस अशी दोघांची नेमणूक होती. मुंगूस निकामी झालं, तर खंडूमामांचं तिथे काय? त्यांनीच टाकलं असणार. गुपचूप. थप्प्यांच्या मागे. आणि मेलेले उंदीर घरी आणून, दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या नावावर. सगळं बरोबर जुळत होतं.

घरी आली तेव्हा मामा दारात गोणपाटावर बसले होते आणि फौजदार त्यांच्या मांडीवर होता. अकरा वर्षांपूर्वी इकडे पहिल्या कंपन्यांचे पाये खणत होते तेव्हा माती उपसताना तो सापडला. डोळे न उघडलेला, बोटाएवढा. मामांनी सदऱ्याच्या खिशात घालून आणला आणि सासूबाईंनी, गिरजाबाईंनी, कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजून जगवला. मागच्या पायांवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केल्यासारखा बघतो म्हणून हमालांनी नाव ठेवलं फौजदार. संध्याकाळी गोदामात पेटीचं दार उघडलं की सळसळत थप्प्यांच्या फटीत जायचा, सकाळी दाराशी गोणपाटावर शिकार मांडलेली असायची. गोदामप्रमुख सोपानराव तंबाखू मळत यायचे आणि विचारायचे, "काय फौजदारसाहेब, आज किती जणांना अटक?" आता त्याच फौजदाराची पाठ खोबणीसारखी खचली होती. मिठमिऱ्याच्या रंगाची लव गळून खालची राखी कातडी दिसत होती, डोळ्यांवर निळसर साय धरली होती, मागचे दोन्ही पाय तो पोत्यासारखे ओढायचा. उकरायचं काम सुटल्यामुळे नखं वाढून आत वळली होती. ती प्रभावतीनेच किसनच्या नेलकटरने कापायची, श्वास रोखून, कारण ते जनावर कधी उलटेल याचा नेम नाही असं तिला वाटे. मामा दुपारी झोपले की त्याला भरवायचंही तिच्याकडे आलं होतं. उकडलेलं अंडं दुधात कुस्करून बोटावर घ्यायचं. तो आधी हुंगायचा, मग खरखरीत जीभ लावायचा, आणि तिच्या बोटाला फक्त मऊ हिरड्या लागायच्या. दात लागले नाहीत, हे बोटाला कळत होतं. मन दातांचीच वाट बघत बसायचं.

"कुठं गेलतीस पोरी उन्हाची?" मामांनी विचारलं. ओल्या कापसाने ते फौजदाराच्या डोळ्याची चिपडं काढत होते. त्यांचे हात साबणाने पांढरे पडले होते, बोटांची टोकं सुरकुतलेली.

"डॉक्टरकडे. यशूला जरा बरं वाटत नव्हतं."

"काय झालं माझ्या बायला?" त्यांनी कापूस खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. यशू त्यांच्याकडे झेपावली. प्रभावतीने तिला सोडलं नाही. एक क्षण ते हात तसेच राहिले.

"दात येतायत," ती म्हणाली. "मामा, पिशवीत काय आहे?"

"पिशवीत?" त्यांनी खुंटीकडे बघितलं नाही. "डबा हाय की."

"बंद तुटला होता. मी गाठ मारली."

"बरं केलंस." मग बराच वेळ ते फौजदाराच्या कानामागे बोट फिरवत राहिले. "ह्यो आज लई खुशीत हाय बघ. रातच्याला काम हाय म्हणून कळतंय त्याला. जनावराला कळतं." सहाला ते निघाले, एका खांद्यावर पेटी, दुसऱ्या हातात पिशवी, जुनी खाकी टोपी. चाळीच्या कोपऱ्यावर वळताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस असाच मागे बघतो, असं तिला वाटलं. आणि पाठोपाठ, आपण किती थंडपणाने हे ठरवून टाकतोय, असंही.

यशूला काही झालं नाही. सकाळी उठून ती हसली, दूध प्यायली आणि त्या दुधाचा प्रत्येक घोट प्रभावती मोजत राहिली. किसन उशीत तोंड खुपसून म्हणाला, "बाबांनाच विचार ना सरळ." "विचारलं. डबा म्हणाले." "मग डबाच असेल." आठचा भोंगा झाला. तिने यशूला कडेवर घेतलं आणि भोसरीच्या रस्त्याला लागली. मामा घरी यायची वाट बघावी, त्यांना एकट्याला बसवून विचारावं, हा विचार तिच्या मनात आला होता. दोनदा आला. पण विचारलं की ते पुन्हा डबा म्हणणार, आणि तोवर पेंडीची एक गाडी भरून निघणार. शिवाय, हे तिने पुष्कळ नंतर स्वतःशी कबूल केलं, तिला ते उंदीर गोणपाटावर मांडलेले बघायचे होते. आपलं बरोबर आहे, हे बघायचं होतं.

गोदामाच्या दारातच पेंडीचा तो दाट, तेलकट, गोडसर वास अंगावर आला. गाडी लागलेली होती. हमाल पाठीवर पोती घेऊन फळीवरून चढत होते. दाराशी गोणपाटावर तीन उंदीर, शेपट्या एका बाजूला करून, नीट ओळीत. पलीकडे मामा स्टुलावर, पायाशी पेटी, पेटीवर फडकं. तिला बघून ते उभे राहिले. "लेकरू बरं हाय ना?" हेच पहिलं विचारलं त्यांनी. सोपानराव तंबाखू मळता मळता थांबले. "या, या ताई. तुम्ही इकडं?" आणि ती म्हणाली, "सोपानराव, गाडी थांबवा. या गोदामात विष टाकलंय."

ती बोलत गेली. मुंगूस कसं मारतं, दात कुठे रोवतं, कवटी मागून कशी फुटते. पायरीवरची एक काडी उचलून तिने मधला उंदीर वळवला, केस मागे सारून मान दाखवली. हा वास घ्या. हे ओठ बघा. एकावरही जखम नाही, तिघांवरही नाही. हमाल पोती उतरवून भोवती उभे राहिले होते. भिवा नावाचा त्यांचा मुकादम मान पुढे काढून बघत होता, "आयला, खरंच की," म्हणत होता. तिचा आवाज स्पष्ट, चढता, प्रात्यक्षिकाच्या तासाला लागायचा तसा लागला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि तिला तो आवडला. यानंतर जे झालं त्यातलं दुसरं सगळं ती कधीमधी विसरू शकली, पण त्या घटकेला आपल्याला आपला आवाज आवडला होता, एवढं विसरता आलं नाही.

सोपानरावांचा चेहरा उतरला होता. "मामा," ते हळू म्हणाले, "खरं सांगा. टाकलंय काय औषध? गुरं मरतील ओ. माझी नोकरी जाईल, ते सोडा. गुरं मरतील."

"न्हाई."

"मग ही बाई सांगती ते?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर तिला झेपलं असतं. "पोरगी खरं बोलती," ते म्हणाले. "फौजदारानं न्हाई मारले. दात न्हाईत त्याला. दिवाळीपास्नं न्हाईत. कमीजास्त चार म्हैनं त्यानं एक बी मारला न्हाई."

"मग मारले कुणी?"

"पलीकडं वर्कशॉप हाय ना, तिथल्या क्यांटीनात. गुरवारी सुट्टी असती तवा औषध टाकत्यात. शुक्रवारी झाडूवाले मागच्या नाल्यात आणून टाकत्यात." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं, जणू ते हात तिथे दुसऱ्याच कुणी ठेवून गेलं होतं. "मी मेलेले उचलून आणतो. इथं मांडतो. ह्या गोदामात एक दाणा औषध न्हाई, साहेब. लेकराची आण."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सोपानराव तर मोठ्याने हसलेच. "हात्तिच्या! एवढंच व्हय? अहो माझा जीव गेला होता की. मग आधी सांगायचं नाही का? मेलेले उचलले तर उचलले, त्यात काय एवढं, तुमच्या लोकांना तर..." आणि ते तिथेच थांबले. तोंडात तंबाखू नव्हती तरी बाजूला वळून थुंकले. कुणी हसलं नाही. भिवाने कुणी न सांगता एक पोतं पाठीवर घेतलं आणि फळीवर चढला. सोपानराव वाईट माणूस नव्हते. गडबडीने, चढ्या आवाजात ते पुढे बोलत राहिले, की मामा, फौजदाराला आता पेन्शन द्या, आपण दोन मांजरं आणू, राखण तुमचीच, तुमच्याशिवाय या दाराला आहे कोण. मामा मान हलवत होते. व्हय साहेब. व्हय. यशू तिच्या कडेवरून त्यांच्याकडे हात करत होती, आणि मामांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन धरले होते.

तेव्हा, त्या पेंडीच्या वासात उभी असताना, तिला गिरजाबाईंचा आवाज आठवला. लग्नाच्या पहिल्या वर्षी, वारण्यापूर्वी, तिच्या डोक्याला तेल चोळताना सासूबाईंनी ती हकिकत तीनदा सांगितली होती, तिन्ही वेळा तितक्याच मानाने. छप्पन साली दीक्षा घेऊन गावी आले आणि आठ दिवसांत पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं. सगळी वस्ती दारं लावून बसली. खंडू एकटा उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, आमी आता मेलेलं वढत न्हाई. दोन महिने गावात काम नाही, दुकानात मीठ नाही. मग पोर काखेला मारून देहूरोडला आले, हमाली धरली. "त्या एका बोलावर आमी दोन म्हैनं पोट भरलं, पोरी," गिरजाबाई म्हणायच्या आणि टाळूवर तेल थापटायच्या. आणि प्रभावती, जिने हे सगळं शाळेत, सभांत, बापाच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं, ती जांभई दाबत बसायची. शुक्रवारची दुसरी आंघोळ. साबणाची वडी, राख, पुन्हा साबण. हे एवढं समोर मांडलेलं होतं आणि शिकलेल्या डोळ्यांनी तिने त्यात दारू शोधली, विष शोधलं. सगळं शोधून झाल्यावर तिने त्यांना पाचपंचवीस माणसांत ते वाक्य म्हणायला लावलं. मी मेलेले उचलतो.

वाटेत ते तिच्या पुढे चार पावलं चालले, पेटी खांद्यावर घेऊन. ती म्हणाली, "मामा, माझं चुकलं." ते वळले नाहीत. "न्हाई चुकलं. तू बरोबर बघितलंस. शिकलीस ती कशाला मग? लेकराच्या हाताला लागलं असतं तर?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "लागलंच व्हतं न्हव?" तिने हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी यशूला उचललं नाही. ती रांगत त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघायची. ते उठून दुसरीकडे बसायचे. जेवताना पाणी स्वतः घेत नसत, तांब्याला हात लावत नसत. पेल्यात कुणी ओतलं तर प्यायचे. किसन तिच्यावर ओरडला, मग बापाजवळ बसून रडला. मामा म्हणाले, "अरे काय झालंय काय? म्हाताऱ्या जनावराला जरा हवापालट करतो." सोमवारी फौजदाराची पेटी, चिंध्या आणि त्याला ऊब द्यायचा विटेचा तुकडा घेऊन ते देहूरोडला गेले, बहिणीकडे, सरूबाईंकडे. गोदामात दोन मांजरं आली. स्टूल रिकामं ठेवलंय, असा निरोप सोपानरावांनी दोनदा पाठवला.

प्रभावती तिकडे दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा फौजदार बाहेर उन्हात पडलेला होता. हाडांवर कातडं. तिने आणलेलं काळीज बारीक वाटून बोटावर धरलं, त्याने बराच वेळ हुंगलं आणि मग चाटलं, आणि मामा दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. त्यांनी विचारलं, "खातोय का?" एवढंच. दुसऱ्यांदा गेली ती महिन्याने. पेटी खोलीच्या कोपऱ्यात, वर फडकं. "झोपलाय," मामा म्हणाले. "आत्ताच खाऊन झोपलाय." पेटीजवळ वाटी होती, अंड्याची, तिच्यावर साय वाळून तडकली होती आणि कडेने मुंग्यांची रांग लागलेली. फौजदाराला एक उग्र वास असायचा, अंगाचा, ओल्या मातीसारखा आणि हिंगासारखा. चाळीतल्या खोलीतून तो अजूनही गेला नव्हता. इथे तो नव्हता. तिला बाकी सगळे वास आले, रॉकेलचा, चुन्याचा, पेटीतल्या जुन्या लाकडाचा. तो आला नाही. मामा तिच्या डोळ्यांकडे बघत होते, आणि तिच्या हाताकडे. हात फडक्यापासून वीतभर होता. ती बसून राहिली, यशूला मांडीवर दाबून धरून, आणि म्हणाली, "झोपू द्या मग." सरूबाई बाजारात धान्य निवडायला जातात, दिवे लागायला परत येतात. नाक्यावर गाठ पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा जेवतो म्हणतो बाई. मी आले की ताट धुतलेलं आसतं." धुतलेलं ताट. ते ऐकल्यापासून प्रभावतीला रात्रंदिवस ते ताट दिसतं. जेवून धुतलेलं आणि न जेवता धुतलेलं सारखंच दिसतं, हे तिला कळतं, आणि कळून काही करता येत नाही.

तिसऱ्यांदा जायला ती धजत नाही. ती गेली की ते तिच्यासाठी रिकाम्या पेटीत एक मुंगूस मांडून ठेवतात. तिच्यासाठी जेवतात, तिच्यासाठी बरे असतात. किसन गेला तरी तेच. घरच्या माणसांना खरं सांगण्याचा अनुभव त्यांना एकदाच आला, तो पुरला. म्हणून तिचं हे मागणं तुमच्याकडे आहे. तुम्ही त्यांचे कुणी नाही, तुम्हाला दाखवायला त्यांना काही मांडावं लागणार नाही. देहूरोडला कधी गेलात तर बाजाराच्या मागच्या अंगाला सरूबाईंची खोली विचारा, कुणीही दाखवेल. जयभीम करा, बसा. मुंगसाचं विचारू नका, पेटीवरचं फडकं उचलू नका. तहान लागली म्हणा. ते उठणार नाहीत, तांब्या दाखवतील, तुमचं तुम्ही घ्या म्हणतील. तुम्ही घेऊ नका. तेच देईपर्यंत बसून राहा. आणि जेवले का, ते बघून या. दुपारी जा, दुपारी ते एकटे असतात.